फॉरमॅट मारू या, पण पेनड्राइव्ह खोचण्याआधी वही काढा

लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घेतोय की तोवर चहा होतो, मध्येच निळा पडदा येतो, आणि दुकानात विचारलं तर "ठेवून जा, परवा या" असं उत्तर मिळतं. ठेवून कुठे जाऊ नका. विंडोज नव्याने टाकणं घरी टेबलावर होणारं काम आहे. तीन-चार तास हाताशी ठेवा. त्यातला बराचसा वेळ नुसता बसून जाणार आहे. पेनड्राइव्ह लावल्यानंतरचं काम सोपं असतं. घोटाळे होतात ते त्याआधी, म्हणून आपण तिथेच जास्त रेंगाळणार आहोत.

दोन गोष्टी आधीच सांगतो. लॅपटॉप कंपनीचा असेल तर त्याला हात लावू नका, मग ती कंपनी तारापूरचं अणुऊर्जा केंद्र असो की एमआयडीसीतला चार माणसांचा प्लांट. तो त्यांच्या आयटीवाल्याकडे द्या. आणि शुक्रवार टाळा. आपल्याकडे बोईसर-पालघर पट्ट्यात एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारची, आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवायलाही बहुतेक तोच वार सापडतो. पावसाळ्यात संध्याकाळी गडगडायला लागलं, तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

टेबलावर एवढं मांडा: ८ जीबी किंवा त्याहून मोठा रिकामा पेनड्राइव्ह, बॅकअपसाठी वेगळी हार्डडिस्क, लॅपटॉपचा चार्जर, फोन आणि त्याची डेटा चालणारी केबल, वही आणि पेन. पेनड्राइव्ह चांगल्या दुकानातून घ्या. स्टेशनबाहेर दोनशे रुपयांत मिळणारा "१ टीबी" पेनड्राइव्ह आत प्रत्यक्षात फार थोडी जागा घेऊन येतो, आणि फाइल अर्धी लिहून झाल्यावर गुपचूप दगा देतो.

आधी वाचवायचं

१. चार्जर लावून लॅपटॉप सुरू करा. बॅटरीवर हे काम करायचं नाही, मधल्या टप्प्यात बंद पडला तर अर्धवट विंडोज हातात राहील.

२. सेटिंग्ज उघडून सिस्टिम, मग अबाउट या पानावर जा, आणि प्रोसेसरचं नाव वहीत लिहा. इंटेलचा असेल तर आय-५ नंतरचा आकडा बघा: ८२५० म्हणजे आठवी पिढी, १०२१० म्हणजे दहावी. विंडोज ११ ला आठवी किंवा पुढची पिढी लागते, शिवाय किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. सातवी किंवा त्याआधीची पिढी निघाली तर इथेच थांबा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे तेच पुन्हा टाकण्यात फार अर्थ नाही. अशा जुन्या मशिनवर लिनक्स मिंट छान चालतं. विंडोज ११ आडमार्गाने बसवून देणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांच्या नादी लागू नका, पुढे एखादं अपडेट अडलं की तुम्हीच अडकाल.

३. त्याच सिस्टिमखाली अ‍ॅक्टिव्हेशन उघडा आणि दोन गोष्टी लिहून घ्या: विंडोज होम आहे की प्रो, आणि "डिजिटल लायसन्स"ने चालू आहे का. होमच्या मशिनवर प्रो टाकलंत तर ते अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही.

४. "धिस पीसी" उघडून सी, डी, जे काही ड्राइव्ह दिसतात त्यांची साइज लिहा. पुढे एका पडद्यावर सी आणि डी ही अक्षरं गायब असतात, फक्त आकडे दिसतात. त्या वेळी हे पान लागणार आहे.

५. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात शिरा आणि बिटलॉकरची रिकव्हरी की आहे का ते पाहा. असेल तर तो ४८ आकडी क्रमांक वहीत उतरवा. डी ड्राइव्ह कुलूपबंद असेल, तर नव्या विंडोजमध्ये तो या आकड्याने उघडेल.

६. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे फोल्डर बॅकअपच्या डिस्कवर कॉपी करा. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं, हे बरेच जण विसरतात. ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे ती लॅपटॉपवर नाहीच, वनड्राइव्हवर आहे; ती आधी उघडून उतरवून घ्या.

७. ब्राउझरमध्ये तुमच्या खात्याने साइन-इन करून सिंक चालू आहे ना, ते पाहा. सेव्ह केलेले पासवर्ड यातूनच परत येतील.

८. ऑफिसचा मेल आउटलुकमध्ये उतरत असेल तर "आउटलुक फाइल्स" हा फोल्डर शोधून कॉपी करा. आउटलुक बंद करून मगच कॉपी करा, नाहीतर फाइल वापरात आहे म्हणून नकार येतो.

९. टॅली वापरत असाल तर टॅलीतूनच डेटाचा बॅकअप घ्या आणि तो बाहेरच्या डिस्कवर ठेवा. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटा कुठे आहे त्याचा पत्ता दिसतो, तो आणि शेवटच्या नोंदीची तारीख वहीत टिपा.

१०. आता टॅलीचं लायसन्स सरेंडर करा. हे राहून गेलं तर फॉरमॅटनंतर टॅलीच्या लेखी तुमचं लायसन्स अजून जुन्याच मशिनवर असतं, आणि ते सोडवून घेण्यात दिवस जातो. तोही नेमका जीएसटी भरायच्या शेवटच्या तारखेला.

११. डिजिटल सही असलेल्या टोकनचं नाव आणि कंपनी लिहून ठेवा. सही टोकनच्या आत असते, फॉरमॅटने तिला काही होत नाही. नंतर फक्त ड्रायव्हर लागतो. टोकनचं सॉफ्टवेअर कधीही "इनिशियलाइझ करू का" असं विचारेल तर नाही म्हणा, त्यात सही पुसली जाते.

१२. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून जुने मराठी फाँट कॉपी करा. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख यांत टाइप केलेले ग्रामपंचायतीचे अर्ज किंवा लग्नपत्रिका त्या फाँटशिवाय उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो.

१३. लॅपटॉप उलटा करून मॉडेल आणि सीरियल नंबर वाचा, बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर उतरवा, आणि बॅकअपच्या डिस्कवर ठेवा. अकराव्या किंवा पुढच्या पिढीचा इंटेल असेल तर स्टोरेजचा ड्रायव्हर नक्की घ्या. त्यावर "रॅपिड स्टोरेज" किंवा "व्हीएमडी" असं लिहिलेलं असतं. झिप असेल तर आत्ताच उलगडून ठेवा.

१४. बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकावर लावा आणि चार-पाच फाइल उघडून बघा. एक फोटो, एक एक्सेल, एक पीडीएफ. नुसती यादी दिसली म्हणजे फाइल आली असं नसतं.

१५. डिस्क काढून कपाटात ठेवा. ती लॅपटॉपला लटकत राहिली तर पुसायच्या यादीत तिचंही नाव येतं, आणि मग चुकीच्या ओळीवर क्लिक व्हायला एक क्षण पुरतो.

विंडोज सुरूच होत नसेल तर? घाबरू नका, फाइल बहुतेक जागच्या जागी असतात. दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह तयार करा आणि खाली पायरी २३ ते २६ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्यावरून लॅपटॉप सुरू करा. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं. त्यात तुमचा सी ड्राइव्ह उघडा, बाहेरची डिस्क लावा, फाइल ओढून टाका. ड्राइव्हला बिटलॉकर असेल तर तोच ४८ आकडी क्रमांक विचारला जाईल. समोर "इन्स्टॉल लिनक्स मिंट" असं चिन्ह दिसेल, त्याला शिवू नका.

पेनड्राइव्ह तयार करायचा

हे काम कुठल्याही चालू विंडोज संगणकावर होतं, तुमच्याच लॅपटॉपवर झालं तरी चालेल. डाउनलोड ५ जीबीच्या पुढे जातं, त्यामुळे रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर भागणार नाही. घरचं फायबर बघा. डहाणू लोकलमध्ये बसून हॉटस्पॉटवर लावू नका.

१६. पेनड्राइव्ह लावा. आत जुनं काही असेल तर आत्ताच काढून घ्या, तो पूर्ण पुसला जाणार आहे. दांडी, नवापूर, सातपाटीच्या बाजूला राहत असाल तर पेनड्राइव्हची टोकं एकदा निरखा. खाऱ्या हवेने हिरवट-काळी पडली असतील तर तो बाजूला ठेवून नवा घ्या.

१७. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर "डाउनलोड विंडोज ११" या पानावरून "इन्स्टॉलेशन मीडिया" तयार करणारा छोटा प्रोग्रॅम उतरवा. टेलिग्रामवरचं "अ‍ॅक्टिव्हेटेड" विंडोज फुकट दिसतं, पण आत काय पेरलंय ते कळायला मार्ग नसतो, आणि याच मशिनवर तुम्ही बँकेचं काम करणार आहात.

१८. प्रोग्रॅम सुरू करून अटी मान्य करा आणि भाषेच्या पानावर इंग्रजी राहू द्या.

१९. "यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह" निवडा. खालचा "आयएसओ फाइल" हा पर्याय आत्ता नको.

२०. यादीतून तुमचा पेनड्राइव्ह निवडा.

२१. "फिनिश" दिसेपर्यंत थांबा, मग "इजेक्ट" करून पेनड्राइव्ह काढा. टक्केवारी एकाच आकड्यावर अडलेली दिसली तरी ओढून काढायचा नाही.

पेनड्राइव्हवरून सुरू करायचं

२२. शिफ्ट बटण दाबून धरा आणि तसंच धरून "शट डाउन" करा. साध्या शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण झोपत नाही, आणि मग बूट मेनू हुलकावणी देतो.

२३. प्रिंटर, माउसचा रिसीव्हर, मेमरी कार्ड, टोकन, सगळं काढा. चार्जर तेवढा राहू द्या.

२४. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या स्वतःच्या खाचेत लावा. मध्ये हब किंवा वायर नको.

२५. पॉवर बटण दाबा आणि लगेच बूट मेनूचं बटण टकटक दाबत राहा. एकदाच दाबून वाट पाहिली तर वेळ निघून जाते आणि जुनंच विंडोज उघडतं. कुठलं बटण, ते असं: एचपीला आधी एस्केप, मग एफ-९. डेलला एफ-१२. लेनोव्होला एफ-१२, किंवा लॅपटॉप बंद असताना कडेच्या बारीक छिद्रात टाचणीने दाबायचं बटण. एसरला एफ-१२, पण आधी एफ-२ ने बायोसमध्ये जाऊन "एफ-१२ बूट मेनू" चालू करावा लागतो. असुसच्या लॅपटॉपला एस्केप. जोडलेला डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवरचं नाव बघा: असुसला एफ-८, गिगाबाइटला एफ-१२, एमएसआयला एफ-११. काही कीबोर्डवर एफच्या ओळीसोबत "एफएन" बटणही दाबावं लागतं. पहिल्या खेपेला हुकलं तर बंद करून पुन्हा करा, त्यात काही बिघडत नाही.

२६. यादीतून पेनड्राइव्हच्या नावाची ओळ निवडून एंटर दाबा. एकाच पेनड्राइव्हच्या दोन ओळी दिसल्या तर "यूईएफआय" लिहिलेली घ्या. पेनड्राइव्ह यादीत नसेलच तर दुसऱ्या खाचेत लावून बघा. तरीही नाही तर बायोसमध्ये यूएसबीवरून बूट बंद आहे का ते पाहा. तिथलं बाकी काही बदलू नका, "सिक्युअर बूट"सुद्धा नाही. मायक्रोसॉफ्टने बनवलेला पेनड्राइव्ह ते चालू असतानाच चालतो.

विंडोज बसवायचं

२७. भाषा इंग्रजी ठेवा आणि वेळ-चलनाच्या जागी "इंग्लिश (इंडिया)" निवडा.

२८. कीबोर्ड "यूएस" घ्या. "यूके" घेतलात तर ईमेलमधलं ॲटचं चिन्ह आणि अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते, आणि पासवर्ड चुकतोय म्हणून तुम्ही डोकं धरून बसता.

२९. "इन्स्टॉल विंडोज ११" निवडून खालच्या चौकोनात टिक करा. सगळं पुसलं जाईल असं तिथे लिहिलेलं असतं. बॅकअपची डिस्क कपाटात आहे ना? मग पुढे चला.

३०. प्रॉडक्ट कीच्या पानावर "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" दाबा. लायसन्स तुमच्या मशिनच्या नावावर आधीच नोंदलेलं आहे. काही लॅपटॉप की आपणहून ओळखतात, तिथे हे पान येतच नाही.

३१. वहीत लिहिलेलीच आवृत्ती निवडा, होम तर होम. विचारलंच नाही तर बायोसमधली की वाचली गेली, चांगलं आहे.

३२. अटी मान्य करा.

३३. आता डिस्कची यादी दिसेल. इथे माउसवरचा हात उचला आणि वही समोर घ्या. यादीत "डिस्क ०", आणि दुसरी डिस्क असेल तर "डिस्क १" अशा ओळी असतात. त्यांच्याखाली एक छोटा "सिस्टिम", १६ एमबीचा "एमएसआर", एक मोठा "प्रायमरी" आणि एखादा "रिकव्हरी" असे तुकडे दिसतील. मोठ्या तुकड्याची साइज पायरी ४ मध्ये लिहिलेल्या सी ड्राइव्हशी जुळवा. आकडे थोडे मागेपुढे असतील, चालतं. डी कोणता तेही आत्ताच बोट ठेवून ठरवा. यादी रिकामीच आली तर डिस्क गेलेली नाही, इंस्टॉलरला ती दिसत नाहीये: पायरी १३ चा स्टोरेज ड्रायव्हर असलेली डिस्क लावा, "लोड ड्रायव्हर" दाबून उलगडलेला फोल्डर दाखवा, आणि यादी आली की ती डिस्क लगेच काढा.

३४. सी ड्राइव्हची ओळ निवडून "डिलीट पार्टिशन" दाबा. एकच डिस्क असेल, डी नसेल आणि सगळ्याचा बॅकअप झाला असेल, तर त्या डिस्कचे सगळे तुकडे एकेक करून काढा, त्यात जुना गाळही निघून जातो. डी ठेवायचा असेल तर फक्त सीचीच ओळ काढा, बाकीच्यांना हात नको. इथे "अनडू" नाही.

३५. "अनअलोकेटेड स्पेस" ही ओळ निवडून "नेक्स्ट" दाबा. नवे तुकडे पाडायच्या भानगडीत पडू नका, विंडोज स्वतःच पाडतं.

३६. शेवटच्या पानावर "इन्स्टॉल" दाबा आणि आता खरोखर चहा करायला जा. लॅपटॉप दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होईल. तेव्हा कुठलंही बटण दाबू नका. पुन्हा भाषेचा पडदा आला तर तो परत पेनड्राइव्हवरूनच सुरू झालाय. पेनड्राइव्ह काढून पॉवर बटणाने बंद करा आणि पुन्हा चालू करा. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसेल तर या वेळात घरात इस्त्री-गिझर लावून एमसीबी पाडणाऱ्यांवर लक्ष ठेवा.

पहिली ओळख

३७. देश "इंडिया" आणि कीबोर्ड "यूएस" ठेवून पुढे जा.

३८. वायफाय निवडा. यादीत तुमचं वायफाय नसेल तर फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये "यूएसबी टेदरिंग" चालू करा, इंटरनेट फोनमधून येईल. फोन फक्त चार्ज होतोय असं दिसलं तर केबल बदला, काही केबलमधून डेटा जातच नाही.

३९. लॅपटॉपला इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्या. मध्ये जागा सोडू नका.

४०. "पर्सनल यूज" निवडून पूर्वीच्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरा. नवं खातं काढलंत तर वनड्राइव्हवरच्या फाइल तिकडे, आणि तुम्ही इकडे.

४१. जुन्या पीसीवरून सगळं परत आणू का, असं विचारलं तर "सेट अप अ‍ॅज न्यू" घ्या. कचरा परत आणायला आपण एवढा खटाटोप केलेला नाही.

४२. लोकेशन, जाहिराती, टायपिंगची माहिती, असे प्रश्न एकामागून एक येतील. नको ते "नो" करत चला. "फाइंड माय डिव्हाइस" मात्र चालू ठेवायला हरकत नाही.

घर लावायचं

४३. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, आणि "अप टू डेट" म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत राहा. बहुतेक ड्रायव्हर इथूनच येतात.

४४. डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळा त्रिकोण कुठे उरलाय का ते बघा. उरला असेल तर तेवढाच ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" देणारी सॉफ्टवेअरं टाकू नका.

४५. अ‍ॅक्टिव्हेशनचं पान तपासा. लगेच झालं नसेल तर इंटरनेट चालू ठेवून थोडा वेळ द्या.

४६. तारीख, वेळ आणि कोलकाता असं लिहिलेला टाइम झोन बरोबर आहे ना ते पाहा. घड्याळ चुकलं तर बँकेची आणि जीएसटीची साइट असुरक्षित म्हणून उघडायला नकार देते.

४७. "टाइम अँड लँग्वेज"मध्ये मराठी भाषा जोडा. दोन कीबोर्ड मिळतात: इनस्क्रिप्ट, आणि इंग्रजी उच्चारांवर चालणारा "मराठी फोनेटिक". इनस्क्रिप्टवर टायपिंग शिकलेल्यांनी पहिला घ्यावा. विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते.

४८. बॅकअपची डिस्क लावा आणि काही उघडण्याआधी "विंडोज सिक्युरिटी"ने ती स्कॅन करा. जुना लॅपटॉप व्हायरसमुळेच रडत असेल तर तोच पाहुणा परत घरात नको.

४९. कागदपत्रं आणि फोटो परत कॉपी करा. "कट" नाही, "कॉपी".

५०. फाँट, टॅली, टोकनचा ड्रायव्हर आणि प्रिंटर याच क्रमाने टाका. टॅलीचं लायसन्स पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा, बॅकअप रिस्टोअर करा, आणि शेवटची नोंद वहीतल्या तारखेशी जुळते का ते बघा. टोकनने एखाद्या साध्या पीडीएफवर सही करून पाहा, टेंडरच्या दिवशी पहिल्यांदा नको.

५१. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून "विंडोज ११" असं लिहा आणि तो चार्जरच्या डब्यात ठेवा. बॅकअपच्या डिस्कवरचं काहीही महिनाभर पुसू नका. राहिलेली फाइल हमखास तिसऱ्या आठवड्यात आठवते.